सोळा तास म्हणजे नेमके किती?

ॲडमिट आला, व्हिसाचा शिक्का बसला, आता तिकीट. मोबाइलवर ‘मुंबई ते न्यूयॉर्क’ असं टाकलं की क्षणात उत्तर हजर. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमान असेल तर साधारण सोळा तास. घरात लगेच आनंदीआनंद. ‘सोळाच तास? अगं, महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूरहून नागपूरला जायलासुद्धा याहून जास्त लागतात!’ हे कोणीतरी काका म्हणणारच, आणि काकांचं काही चुकलेलं नाही. पण त्या दोन आकड्यांच्या पोटात बरंच काही दडलंय. यंदा किंवा पुढच्या दोन वर्षांत तुमच्यापैकी ज्यांचा हा प्रवास होणार आहे, त्यांनी ते एकदा उलगडून बघायला हरकत नाही. ज्यांचा होणार नाही त्यांचा कोणीतरी मित्र जाणारच आहे.

आधी ते साडेबारा हजार. हे अंतर कुठून कुठे मोजलं? भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीनं जोडा. रेष अरबी समुद्र ओलांडून सौदी अरेबियावर जाते, मग सहारा, मोरोक्को, पूर्ण अटलांटिक आणि अमेरिका. सरळ रस्ता वाटतो. पण आता शाळेत असतो तसा पृथ्वीचा गोल घ्या (ज्युनिअर कॉलेजच्या भूगोलाच्या कपाटात धूळ खात पडलेला असतो) आणि त्यावर दोन्ही शहरांमध्ये एक दोरा ताणून धरा. दोरा सहाराकडे फिरकतच नाही. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तानवरून वर चढतो, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून जातो, नॉर्वे ओलांडतो, आइसलँडवरून निसटतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ स्पर्श करतो आणि कॅनडावरून न्यूयॉर्कमध्ये उतरतो. म्हणजे आपण ‘पश्चिमेला’ अमेरिकेत जातो म्हणतो खरं, पण मुंबईहून निघताना विमानाचं नाक पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त वळलेलं असायला हवं.

नकाशावरची पट्टी खोटं बोलते, कारण सोळाव्या शतकात मर्केटरनं तो नकाशा बोटींना दिशा धरून चालता यावं म्हणून काढला होता, अंतरं मोजायला नाही. फरक किती पडतो? पट्टीच्या रेषेनं गेलात तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतात. दोऱ्याच्या रस्त्यानं १२,५००. सतराशे किलोमीटर म्हणजे विमानाचे जवळजवळ दोन तास. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि मोबाइल जो आकडा सांगतो तो या ताणलेल्या दोऱ्याचा असतो. विमान प्रत्यक्षात त्या दोऱ्यावरून जाईल याची हमी कोणी देत नाही. का, ते पुढे येईलच.

(जाता जाता एक गंमत. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, म्हणून जगातली कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून वीस हजारांहून जास्त लांब असूच शकत नाहीत. मुंबईचं अगदी उलट टोक पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला पाण्यात येतं. तिथं कोणाला ॲडमिट मिळाल्याचं ऐकिवात नाही.)

आता वेळ. प्रवासी विमान वरच्या हवेत ताशी साधारण ९०० किलोमीटरनं जातं. साडेबारा हजार भागिले नऊशे, उत्तर चौदाच्या आसपास. मग जाताना सोळा का आणि येताना चौदाच्या आसपास का? हा प्रश्न वर्गात विचारला तर निम्मी मुलं ठणकावून सांगतात, ‘पृथ्वी फिरते म्हणून!’ असं असतं तर हेलिकॉप्टर मुंबईवर तासभर तरंगत ठेवायचं, खालून पृथ्वी फिरून अरबस्तान आलं की उतरायचं, काम फत्ते. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, त्यामुळे तसा फुकट फायदा मिळत नाही. खरं कारण त्या हवेतच आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंतही जातो. अमेरिकेकडे जाताना हा वारा समोरून तोंडावर, परतताना पाठीवर.

या वाऱ्यांचा पहिला नीट अभ्यास १९२० च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञानं केला. फुगे आकाशात सोडायचे आणि ते कुठे, किती वेगानं जातात ते मोजायचं. निष्कर्ष जगभर पोहोचावेत म्हणून त्यानं ते एस्पेरांतो या कृत्रिम ‘विश्वभाषेत’ छापले, आणि जपानबाहेर फारसे कोणी वाचलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बर विमानांना जपानवर हाच वारा आडवा आला, तेव्हा वैमानिक चक्रावून गेले. आणि पाठीवर आला की काय होतं? फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला पोहोचलं. एरवी या प्रवासाला सहा तासांहून अधिक लागतात. जमिनीच्या हिशोबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता.

तिकिटावरचा वेळ हा नुसता उडण्याचा नसतो हेही लक्षात घ्या. विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला लागलं तिथपर्यंतचा तो वेळ. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत काढलेली वीस-पंचवीस मिनिटं त्यातच आली. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात, म्हणजे ‘वेळेआधी पोहोचलो’ असं ऐकून आपण खूश!

इतकं लांब एका दमात जायचं तर इंधन किती लागत असेल? अशा मार्गांवर वापरल्या जाणाऱ्या बोइंग ७७७ च्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. वजनात धरलं तर जवळपास १४५ टन. पूर्ण भरलेलं विमान साडेतीनशे टनांचं. म्हणजे उडताना विमानाच्या वजनातला चाळीस टक्के भाग निव्वळ इंधनाचा असू शकतो, आणि सुरुवातीच्या तासांतलं बरंचसं इंधन शेवटच्या तासांचं इंधन वाहून नेण्यात जळतं. त्यामुळेच विमान एकदम सर्वांत वर जात नाही. इंधन जळेल तसं हलकं होत टप्प्याटप्प्यानं वर चढतं. तुम्हाला झोपेत इंजिनाचा आवाज अचानक वाढल्यासारखा वाटतो तो बऱ्याचदा या चढाचा. घाबरू नका, परत झोपा.

आता त्या दोऱ्याकडे परत येऊ. दोऱ्याला देशांच्या सीमा कळत नाहीत, विमानाला कळाव्या लागतात. बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ पाकिस्ताननं आपलं आकाश बंद ठेवलं होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं आणि मग मुदत महिन्या-महिन्यानं वाढत गेली. अफगाणिस्तानवरून जाणं २०२१ मध्ये तालिबान आल्यावर बहुतेक कंपन्यांनी सोडलं. युक्रेन युद्धामुळे २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला, इराणचं आकाश एका रात्रीत बंद झालं आणि हवेत असलेली अनेक विमानं मागे फिरवावी किंवा दुसरीकडे उतरवावी लागली. आता गोलावर तो दोरा पुन्हा धरा आणि यातले देश चुकवून बघा. दोरा ढिला पडतो, वळसे घेतो, लांबतो. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तर २०२५ मध्ये वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागू लागलं. ज्या तिकिटावर ‘नॉन-स्टॉप’ लिहिलं होतं ते प्रवासी ऑस्ट्रियाची धावपट्टी खिडकीतून बघत बसले.

रशियावरून जायची मुभा असणंही नेहमी सुखाचं नसतं. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला, मगदान इथं उतरवलं गेलं. विमानात २१६ प्रवासी. एवढ्या माणसांना पुरतील इतकी हॉटेलं त्या गावात नव्हती, म्हणून बरेच जण वसतिगृहात आणि शाळेत गाद्या टाकून झोपले. दुसरं विमान भारतातून येऊन त्यांना घेऊन गेलं. वैमानिकांनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. दोन इंजिनांच्या विमानाला असा मार्ग आखतानाच ‘एक इंजिन गेलं तर अमुक इतक्या मिनिटांत कुठे उतरता येईल’ याची यादी तयार ठेवावी लागते, आणि मगदान त्याच कामी आलं. तेव्हा हँडबॅगमध्ये औषधं, चार्जर आणि एक स्वेटर ठेवा असं आजी म्हणाली तर ऐका.

याच संदर्भात एक उड्डाण आठवतं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिक, सगळ्या महिला, सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून विमान घेऊन निघाल्या आणि सुमारे सतरा तासांनी बंगळुरूला उतरल्या. ही दोन शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत, त्यामुळे ताणलेला दोरा सरळ ध्रुवाकडेच जातो. तिथं होकायंत्र भरवशाचं राहत नाही आणि बाहेरच्या थंडीत इंधन गोठण्याच्या जवळ तर जात नाही ना, यावर सतत डोळा ठेवावा लागतो.

हे झालं आकाशातलं. जमिनीवरचा हिशोब कोणतंच ॲप देत नाही, आणि मला विचाराल तर खरा प्रवास तोच. समजा तुम्ही कोल्हापूरचे आहात आणि ॲडमिशन न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला मिळालीय. दोन्ही ठिकाणं ‘मुंबई-न्यूयॉर्क’ या जोडीत मोजली जातात, प्रत्यक्षात दोन्ही त्या जोडीच्या बाहेर आहेत. सोमवारी सकाळी नऊला गाडी निघाली. साताऱ्याला चहा, पुण्यापाशी ट्रॅफिक, एक्स्प्रेस-वेला आणखी ट्रॅफिक, संध्याकाळी सातपर्यंत मुंबई विमानतळ. रात्री दीडचं विमान. सोळा तास. उतरलात तेव्हा कोल्हापुरात मंगळवारची संध्याकाळ, साडेपाच वाजलेत, आणि न्यूयॉर्कमध्ये मंगळवारचीच सकाळ, आठ. इमिग्रेशनची रांग, दोन मोठ्या बॅगा, कस्टम्स. तिथून शहरातला बसस्टँड गाठायला आणखी दीड तास. दुपारी साडेबाराची बस. बफेलो सुमारे सहाशे किलोमीटर, पोहोचायला रात्रीचे नऊ. खोलीचं दार उघडून गादीवर अंग टाकाल तेव्हा घड्याळात दहा, आणि कोल्हापुरात बुधवारचे सकाळचे साडेसात. एकूण साडेशेहेचाळीस तास. त्यातले सोळा विमानातले, बाकीचे साडेतीस जमिनीवरचे.

कोल्हापूर-मुंबई पावणेचारशे-चारशे किलोमीटरला आठ-दहा तास आणि पुढच्या साडेबारा हजारांना सोळा, ही विषमता जरा विचार करायला लावणारी आहे. विमान पन्नास-साठ वर्षांत फारसं वेगवान झालेलं नाही. एअर इंडियाचं बोइंग ७०७ पहिल्यांदा मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला गेलं १९६० मध्ये, आणि त्या विमानाचा वेग आजच्या विमानांइतकाच होता. फरक पडला तो न थांबता जाण्यात आणि तिकीट परवडण्यात. आता तास वाचवायचेत ते विमानात नव्हे, बसस्टँड, रांगा आणि घाटात.

त्याआधी काय होतं? आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. नुकतंच अठरावं वर्ष पूर्ण झालेलं, म्हणजे वय एफवायच्या मुलीचं. नवरा सोबत नाही, आहार आणि पोशाख आपलाच ठेवायचा निश्चय. त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्या रोझेलला राहायच्या. हे गाव आजच्या नेवार्क विमानतळाच्या अगदी जवळ आहे. म्हणजे आपली कितीतरी मुलं आज तिथून हाकेच्या अंतरावर उतरतात. तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर बोटीनंच न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांनी आपली पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली होती. ती बोट महायुद्धात पाणबुडीनं बुडवली.

आणि त्या काळात घरी काही झालं तर? पत्र पोहोचायलाच महिना उलटायचा. तुम्हाला बातमी कळायची तेव्हा सगळं होऊन गेलेलं असायचं. आज बातमी एका सेकंदात येते आणि माणूस दोन दिवसांनी. मला वाटतं, या दोन वेगांमधल्या फटीबद्दल निघण्यापूर्वी घरात कोणी बोलत नाही. अपशकुन वाटतो. पण रात्री दोनला व्हॉट्सॲपवर ‘बाबांना ॲडमिट केलंय’ असं आलं की मोबाइलवर तेच ‘न्यूयॉर्क ते मुंबई’ टाइप होतं, आणि तेव्हा ‘चौदा तास’ या आकड्याला काही अर्थ राहत नाही. पुढची बस कधी, आजच्या विमानात जागा आहे का, एका दिवसावर आलेल्या तिकिटाचे पैसे कार्डावर आहेत का, हे प्रश्न खरे. सगळं नीट जुळलं तरी बफेलोच्या खोलीतून कोल्हापूरच्या दारात यायला दीड ते दोन दिवस धरा. कोणी म्हणालं ‘तू येईपर्यंत थांबतो’, तर किती थांबायचं हे त्यांनाही ठाऊक असलेलं बरं.

म्हणून काही गोष्टी आधीच करून ठेवण्यासारख्या. आय-ट्वेंटीवर प्रवासासाठीची कॉलेजच्या अधिकाऱ्याची सही ताजी ठेवा. शिकत असताना ती वर्षभर चालते, पुढे ओपीटीवर गेलात की सहाच महिने. ती नसेल तर परत येताना विमानतळावर अडचण होऊ शकते, आणि ऐनवेळी कॉलेजचं ऑफिस बंद असतं. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत बघून ठेवा. मुदत संपलेल्या शिक्क्यावर भारतात येता येतं, परत जाता येत नाही, त्यासाठी इथं नवी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. घाईच्या तिकिटाइतके पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका, आयफोनसाठीही नाही. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं जोडली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात असतं. हा फरक तीन-चार हजार रुपयांचा असला तर द्या.

शरीराचा हिशोबही सांगून टाकतो. आतलं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, त्यामुळे साडेनऊ तासांचा फरक पचायला आठवडा सहज जातो. पूर्वेकडे, म्हणजे घरी येताना, त्रास जास्त होतो, कारण आपलं अंतर्गत घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्याला दिवस लांबवलेला चालतो, आखडलेला चालत नाही. सकाळचं ऊन हे सगळ्यात चांगलं औषध. दहा दिवसांच्या सुट्टीत घरी येऊन अर्धे दिवस दुपारी झोपून काढणाऱ्या दादा-ताईंना यापुढे आळशी म्हणू नका.

आणि राहिला तो अर्धा तास. जगातली बहुतेक घड्याळं पूर्ण तासांच्या फरकानं चालतात, आपलं साडेपाच. याची कटकट वाटली तर हे लक्षात असू द्या की देशासाठी एकच प्रमाणवेळ १९०६ मध्ये ठरली तरी मुंबईनं १९५५ पर्यंत आपली ‘बॉम्बे टाइम’ चालवली. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होती. त्या हिशोबानं फोन लावायचा म्हणजे काय झालं असतं, विचार करा.

सध्या भानगड एवढीच आहे की न्यूयॉर्कचं घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. म्हणजे तुमच्या सकाळी नऊला घरी संध्याकाळचे साडेसहा वाजतात, आणि नोव्हेंबरनंतर साडेसात. आई साडेसहाला फोन हातात घेऊन बसलेली असते. तिला हे ऑक्टोबरातच सांगून ठेवा.